बांधलेली भिंत की तडकलेला खडक? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रतळावरचा ‘रस्ता’, डोंगराच्या पोटातला ‘पिरॅमिड’, जंगलात सापडलेली ‘महाकाय भिंत’ असे दावे दर काही महिन्यांनी नव्या व्हिडिओसह फिरू लागतात. त्यांतले बहुतेक खडक खरे असतात आणि फोटोही खरे असतात. चूक असते ती त्यांचा अर्थ लावण्यात. अशा दाव्यांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. ज्यांना स्वतः जागेवर जाऊन तपासायचे आहे त्यांच्यासाठी मोजमापाची पद्धतही आहे.

निसर्ग सरळ रेषा काढत नाही. मग या भिंतीतले दगड इतके चौकोनी कसे?

निसर्ग सरळ रेषा भरपूर काढतो. खडकावर ताण आला की तो तडकतो, आणि खडक एकजिनसी असेल तर तडा दूरवर सरळ जातो. अशा तड्यांना भूशास्त्रात सांधे म्हणतात. एकाच ताणातून निर्माण झालेले सांधे एकमेकांना समांतर असतात. त्यांच्या अशा गटाला संच म्हणतात.

काटकोनाचे कारणही साधे आहे. आधीच उघडलेल्या तड्याच्या कडेला त्या तड्याला काटकोनातला ताण उरत नाही, फक्त कडेला समांतर असलेला ताण उरतो. त्यामुळे नवा तडा जवळ आला की वळतो आणि जुन्या तड्याला काटकोनात भिडतो. थरांच्या खडकात त्याशिवाय दोन थरांमधली आडवी सपाटी असतेच. दोन उभे संच आणि एक आडवी सपाटी मिळाली की ठोकळे तयार.

ठोकळे एकसारख्या मापाचे का, हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. थरांच्या खडकात शेजारच्या दोन सांध्यांमधले अंतर बऱ्याचदा थराच्या जाडीच्या प्रमाणात असते. तीस सेंटिमीटर जाडीच्या थरात सांधेही साधारण त्याच पल्ल्यात पडतात. थराची जाडी दूरपर्यंत सारखी असेल तर ठोकळ्यांची मापेही सारखीच येणार. टास्मानियातल्या ईगलहॉक नेक इथे किनाऱ्यावर सिल्टस्टोनची, म्हणजे बारीक गाळापासून झालेल्या खडकाची, अशी ‘फरसबंदी’ आहे. मिठाचे स्फटिक आणि लाटांसोबत येणारी वाळू यांच्या झिजेने तिथल्या काही फरशा मध्ये खोलगट झाल्या आहेत, तर काहींच्या कडा झिजून मधला भाग उचललेला आहे. ती कोणी घातलेली नाही, यावर तज्ज्ञांमध्ये वाद नाही.

षटकोनी खांबांचे काय? इतकी भूमिती आपोआप येते?

येते. लाव्हा थिजून आक्रसतो तेव्हा पृष्ठभागावर तडे पडतात आणि आतला भाग थंड होत जाईल तसे ते आत उतरतात. ताण कमीत कमी तड्यांनी मोकळा व्हायचा तर तीन तडे सुमारे १२० अंशांनी एकत्र येणे सोयीचे पडते, म्हणून षटकोन जास्त दिसतात. पण नीट मोजा. पाच आणि सात बाजूंचे खांबही भरपूर सापडतील. उत्तर आयर्लंडमधल्या जायंट्स कॉजवेवर असे सुमारे ४०,००० खांब आहेत. मुंबईतली गिल्बर्ट हिल आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावरचे सेंट मेरीज बेट ही याच प्रकारची ठिकाणे.

इथे दोन गोष्टी फसवतात. पहिली, खांबांच्या बाजूंवर ठरावीक अंतराने आडव्या पट्ट्या असतात. तडा सलग न जाता टप्प्याटप्प्याने पुढे सरकल्याची ती खूण आहे, पण फोटोत ती छिन्नीच्या घावांसारखी दिसते. दुसरी, खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात वाढतात. उभ्या भेगेत शिरून थिजलेल्या लाव्हात, म्हणजे डाइकमध्ये, ते आडवे असतात. अशी डाइक उघडी पडली की ओंडके रचून ठेवल्याचा भास होतो. म्हणून ‘खांब आडवे आहेत, म्हणजे माणसाने आडवे ठेवले’ हा युक्तिवाद टिकत नाही.

माणसाने खरोखर रचलेले खांब पाहायचे असतील तर प्रशांत महासागरातल्या पोनपे बेटावरचे नान मादोल पाहा. तिथे नैसर्गिक बेसाल्ट खांब लाकडी खोक्यासारखे रचले आहेत, एक थर भिंतीच्या लांबीच्या दिशेने तर पुढचा त्याला काटकोनात. डाइकमध्ये अशी आलटून-पालटून रचना होऊच शकत नाही, कारण सगळे खांब एकाच दिशेने वाढलेले असतात. शिवाय नान मादोलचा दगड बेटावरच्या दुसऱ्या ठिकाणांहून आणलेला आहे, हे त्याच्या रासायनिक घटकांवरून दाखवता येते.

जागेवर गेल्यावर नेमके काय तपासायचे?

सगळ्यात आधी त्या ‘भिंती’कडे पाठ फिरवा आणि आजूबाजूचा खडक पाहा. असे बहुतेक दावे फोटोच्या चौकटीत जिवंत राहतात. चौकटीबाहेर दोनशे-तीनशे मीटर फिरलात की तसेच तडे, तसेच ठोकळे आणि तसाच थर नाल्याच्या कडेला किंवा रस्त्याच्या कापात दिसतो.

सोबत घ्यायचे सामान थोडे आहे: उताराचा कोन मोजता येईल असा भूशास्त्रीय कंपास, दहा पट मोठे दाखवणारे भिंग, टेप, वही, आणि फोटोत ठेवायला मोजपट्टी. फोनच्या कंपासवर विसंबून राहू नका. चुंबकी झाकणाचे कव्हर, खिशातल्या किल्ल्या आणि बेसाल्टमधले मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज या तिन्हींमुळे तो दहा-पंधरा अंशांनी सहज भरकटतो. खडकाला चिकटवून एकदा आणि खडकापासून दूर कमरेच्या उंचीवर एकदा वाचन घ्या. दोन्ही जुळत नसतील तर दूरचे धरा.

मग मोजमाप. ‘भिंती’तल्या किमान तीस सांध्यांच्या दिशा नोंदवा. तेवढ्याच दिशा बाहेरच्या उघड्या खडकातल्या नोंदवा, आणि त्या निवडून न घेता एका ताणलेल्या दोरीला छेदतील तेवढ्या सगळ्या घ्या. निवड केलीत की मनाजोगे उत्तर मिळते. दोन्ही ठिकाणच्या दिशा गोलाकार आलेखावर मांडा. शिखरे एकाच जागी आली तर ‘भिंती’चे सांधे आणि परिसराचे सांधे एकच आहेत.

त्यानंतर सलगता पाहा. दगडात गारेची पांढरी शीर, गोट्यांची पट्टी किंवा वेगळ्या रंगाचा पातळ थर असेल तर तो सांधा ओलांडून पलीकडच्या दगडात त्याच पातळीवर आणि त्याच कोनात चालू राहतो का? खाणीतून काढून रचलेल्या दगडांत अशी शीर जुळवणे कोणत्याही गवंड्याला जमणार नाही, आणि तो कशाला जुळवेल? माझ्या मते ही एकटी तपासणी निम्म्याहून जास्त दावे निकालात काढते.

उभे सांधेही तपासा. गवंडी सांधेमोड करतो, म्हणजे वरच्या थराचा उभा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देत नाही, नाहीतर भिंत तिथूनच उभी फाटते. नैसर्गिक तडे अनेक थरांतून एका रेषेत खाली जाताना दिसतात. मात्र इथे घाई नको. काही खडकांत तडे थराच्या सीमेवर थांबतात आणि सांधेमोड असल्यासारखे दिसते. शेवटी मागची बाजू आणि पाया. भिंत किती जाड आहे? तिला मागचा पृष्ठभाग आहे की ती थेट डोंगरात मिसळते? सर्वांत खालच्या दगडाखाली भरणी, माती किंवा पायाचा चर आहे की दगड अखंड खडकालाच जोडलेला आहे?

चुनखडीसारखे कार्बोनेट खडक ओळखण्यासाठी आम्लाचा थेंब टाकण्याची पद्धत भूशास्त्रात आहे, पण जिथे खरे कोरीवकाम असण्याची थोडीही शक्यता आहे तिथे ती वापरू नका. पृष्ठभाग कायमचा खराब होतो.

हत्यारांच्या खुणा स्पष्ट दिसतात. त्या कशा नाकारणार?

नाकारायच्या नाहीत, तपासायच्या. छिन्नीचा घाव आखूड असतो, सुरुवातीच्या जागी दगडाचे कण चुरडलेले असतात, आणि घावांची रुंदी पात्याच्या रुंदीशी जुळते. एकाच पट्ट्यातले घाव एकाच कोनात येतात, कारण कारागिराचा हात तसा चालतो. पाचर ठोकून दगड फोडला असेल तर कडेला ठरावीक अंतरावर अर्धवट भोके राहतात.

याउलट भ्रंशावर, म्हणजे खडक सरकलेल्या तड्यावर, दोन बाजू घासल्या जातात तेव्हा पृष्ठभाग गुळगुळीत होऊन त्यावर समांतर ओरखडे उठतात. हिमनदीने ओढून नेलेले दगडही असेच लांब ओरखडे पाडतात. ताज्या सांध्याच्या पृष्ठभागावर पिसासारखी नक्षी असते, ती तडा कुठून सुरू होऊन कुठे गेला ते दाखवते.

खुणांपेक्षा खच जास्त बोलतो. दगड घडवला की खपल्या, चुरा, फसलेले ठोकळे आणि बोथट झालेली हत्यारे मागे राहतात. बांधकाम मोठे असेल तर हा ढीगही मोठा असणार. शेकडो टनांची ‘भिंत’ आणि आसपास एकही खपली नाही, हे गणित बसत नाही.

गोल, आरपार भोके आहेत. ती ड्रिल केलेली नाहीत का?

नदीच्या किंवा लाटांच्या भोवऱ्यात अडकलेला गोटा खडकात फिरत राहिला की रांजणखळगा तयार होतो. तो वरून गोल असतो, आत बाजू गुळगुळीत असतात आणि तळाशी अनेकदा तेच गोटे पडलेले मिळतात. दोन खळगे ओळीत असतील तर त्यांच्याखाली बहुधा एखादा सांधा सापडतो, कारण झीज तिथूनच सुरू होते. खांब रोवायच्या भोकाभोवती मात्र ठासून भरलेली वेगळी माती किंवा दगडाच्या पाचरी मिळायला हव्यात.

अगदी गोल दगडी चेंडू कोणी घडवले?

गाळातून फिरणाऱ्या पाण्यातली खनिजे एखाद्या बिंदूभोवती जमत गेली की कठीण गाठ तयार होते. सगळीकडून सारखी वाढली तर ती गोल होते. न्यूझीलंडमधल्या मोएराकीच्या किनाऱ्यावर दोन मीटर व्यासापर्यंतच्या गाठी चिखलखडकातून झिजून बाहेर येताना दिसतात. दक्षिण आफ्रिकेतले ‘क्लर्क्सडॉर्पचे गोळे’ याच जातीचे. त्यांच्यावरची समांतर खाच म्हणजे मूळ थरांची रेष आहे. ते परिपूर्ण गोल असल्याचे सांगितले जाते, प्रत्यक्षात कित्येक चपटे किंवा दोन गोळे जुळलेले असतात. मोठ्या गोल शिळांसाठी दुसरेही कारण असते. ग्रॅनाइटच्या ठोकळ्याला कोपऱ्यावर तीन बाजूंनी, कडेवर दोन बाजूंनी आणि सपाट भागावर एकाच बाजूने पाणी लागते. कोपरे आधी जातात आणि ठोकळा गोलावतो. सैबेरियातल्या गोर्नाया शोरियाच्या ‘महापाषाणां’चे गोलसर ठोकळे असेच घडले आहेत.

योनागुनी तर पायऱ्यापायऱ्यांचे मंदिरच दिसते. त्याचे काय?

जपानच्या योनागुनी बेटाजवळ १९८६ च्या सुमारास किहाचिरो अराताके या पाणबुड्याला ही रचना दिसली. र्युक्यू विद्यापीठाचे मासाकी किमुरा यांनी ती मानवनिर्मित असल्याची बाजू अनेक वर्षे मांडली. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट शॉक यांनी तिथे डुबकी मारून ती मुळात नैसर्गिक असल्याचे मत दिले. हे मुद्दाम सांगण्याचे कारण असे की गिझाचा स्फिंक्स रूढ मतापेक्षा बराच जुना आहे असे मानणारे हे गृहस्थ आहेत. प्रस्थापितांची री ओढणारे म्हणून त्यांना बाजूला सारता येत नाही.

खडक वालुकाश्म आणि चिखलखडकाच्या आलटून-पालटून थरांचा आहे. थर जवळजवळ आडवे असून उभे सांधे त्यांना छेदतात. भूकंपांचा प्रदेश आणि जोरदार प्रवाह यांमुळे सुटलेले ठोकळे निघून जातात आणि पायरी उरते. पायऱ्या रचलेल्या नाहीत, त्या अखंड खडकाचाच भाग आहेत. काही ‘पायऱ्या’ माणसाच्या पावलाला झेपणार नाहीत इतक्या उंच आहेत. आणि पुन्हा तेच, चौकटीबाहेर पाहा: बेटाच्या किनाऱ्यावर सान्निनुदाई इथे पाण्याबाहेर अशाच पायऱ्या उघड्यावर आहेत. जपानच्या सांस्कृतिक खात्याने किंवा ओकिनावा प्रांताने या जागेला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिलेली नाही.

बिमिनीचा ‘रस्ता’ आणि ग्रीसमधले बुडालेले शहर?

बहामातल्या नॉर्थ बिमिनीजवळ सुमारे साडेपाच मीटर पाण्यात आठशे मीटरच्या आसपास लांबीची दगडांची ओळ आहे. ती सप्टेंबर १९६८ मध्ये दिसली आणि लगेच अटलांटिस या दंतकथेतल्या बुडालेल्या भूमीशी जोडली गेली. हा बीचरॉक आहे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाळू आणि शिंपल्यांचे कण कॅल्शियम कार्बोनेटने एकत्र चिकटतात, तेही इतक्या वेगाने की काही किनाऱ्यांवरच्या बीचरॉकमध्ये आधुनिक बाटल्या अडकलेल्या सापडतात. पुढे हा कडक थर तडकतो, खालची वाळू वाहून जाते, तुकडे थोडे खचतात आणि कडा गोलावतात. ओळ सरळ का, तर किनाराच तसा होता. युजीन शिन यांनी ड्रिलने काढलेल्या नमुन्यांत आणि कार्बन वयांतही तो काही हजार वर्षांचा नैसर्गिक बीचरॉकच निघाला.

ग्रीसच्या झाकिंथॉस बेटाजवळ उथळ पाण्यात खांबांचे तळ आणि फरसबंदी यांसारख्या गोष्टी दिसल्या तेव्हा तज्ज्ञांनीही सुरुवातीला गांभीर्याने पाहिले. मग नमुने तपासले. ईस्ट अँग्लिया आणि अथेन्स विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार, समुद्रतळातून झिरपणाऱ्या मिथेनवर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे गाळात डोलोमाइट हे खनिज साठून या गाठी तयार झाल्या. ज्या वाटेने वायू वर येत होता तिथे मधे भोक राहिले, म्हणून त्या खांबाच्या तळासारख्या दिसतात. त्यांचे वय पन्नास लाख वर्षांपर्यंत जाते. शहर म्हणावे तर एक खापर, एक नाणे, काहीच नाही.

भिंत शेकडो मीटर चालते. तडे इतके लांब आणि जाड भिंतीसारखे उभे राहतात?

राहतात, कारण भेगेत भरलेला पदार्थ आजूबाजूच्या खडकापेक्षा कठीण असला की आजूबाजूचे झिजून जाते आणि भरलेला भाग भिंत म्हणून उरतो. टेक्सासमधल्या रॉकवॉल गावाचे नावच अशा भिंतीवरून पडले. तिथे भेगांत वाळू भरून तिचा वालुकाश्म झाला, मग तो विटांसारखा तडकला. तिथल्या दगडांतली चुंबकीय दिशा मोजली तेव्हा सगळ्यांची एकच निघाली. माणसांनी दगड उचलून रचले असते तर प्रत्येकाची दिशा वेगळी असती. ही चाचणी फार समाधान देणारी आहे, दुर्दैवाने महागडी प्रयोगशाळा लागते.

न्यूझीलंडमधल्या काइमानावा ‘भिंती’ची गोष्ट याहून साधी. १९९६ मध्ये ती गाजली, पण तो सुमारे ३ लाख ३० हजार वर्षांपूर्वीचा रांगितायकी इग्निम्ब्राइट आहे, ज्वालामुखीची तप्त राख बसून झालेला खडक. थंड होताना पडलेले सांधे आणि नंतरची झीज यांनी ठोकळे पाडले. भिंतीचा फक्त दर्शनी भाग दाखवला की सांधे सुबक दिसतात. बाजूला गेले की तिरपे तडेही दिसतात.

बोस्नियातल्या पिरॅमिडमध्ये काँक्रीट सापडले म्हणतात.

विसोको शहराजवळची विसोचिका टेकडी २१३ मीटर उंच पिरॅमिड असल्याचा दावा सेमिर ओस्मानागिच यांनी २००५ मध्ये केला. टेकडी मायोसीन काळातल्या, म्हणजे लाखो वर्षांपूर्वीच्या, गाळाच्या थरांची आहे: गोट्यांचा खडक, वालुकाश्म, माती. भूहालचालींनी थर तिरपे झाले आणि झिजेने कठीण थराच्या उतारावरून सपाट बाजू उघड्या पडल्या. अशा त्रिकोणी बाजूच्या टेकड्या जगभर आहेत.

‘काँक्रीट’ म्हणजे तोच गोट्यांचा खडक. दोन्हींत खडे आणि त्यांना बांधणारा लगदा असतो, म्हणून घोटाळा होतो. फरक कळायला पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. काँक्रीटमध्ये भाजलेल्या चुन्याचे किंवा क्लिंकरचे, म्हणजे सिमेंटच्या भाजलेल्या खड्यांचे, न विरघळलेले कण मिळतात. नैसर्गिक खडकात खड्यांमधल्या पोकळीत कॅल्साइटचे वा सिलिकाचे स्फटिक वाढलेले असतात. जागेवर पाहायचे तर चपटे गोटे प्रवाहाच्या दिशेने एकमेकांवर कललेले दिसतात, आणि खाली-वर खड्यांचे माप बदलत जाते. कालवलेल्या मिश्रणात तसे होत नाही.

इथे नुकसान मात्र खरे झाले. माती काढून, थरांच्या कडा मोकळ्या करून उतार पायऱ्यांसारखा दिसू लागला, म्हणजे खोदकामानेच पुरावा तयार केला. टेकडीच्या माथ्यावर विसोकी या मध्ययुगीन गढीचे खरे अवशेष आहेत. युरोपियन पुरातत्त्वज्ञांच्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी २००६ मध्ये या प्रकल्पाला क्रूर फसवणूक म्हटले, त्यामागे खऱ्या वारशावरचा पैसा आणि लक्ष दुसरीकडे जात असल्याची चिंता होती.

कार्बन डेटिंगने २५,००० वर्षे आली, तर पुरे नाही का?

कशाचे वय, हे आधी विचारा. कार्बन पद्धत एखादा जीव केव्हा मेला ते सांगते, तेही साधारण ५०,००० वर्षांपर्यंतच. ती दगडाचे वय सांगत नाही आणि दगड केव्हा रचला हे तर नाहीच. मातीतल्या सेंद्रिय अंशाचे वय म्हणजे त्या मातीचे वय.

इंडोनेशियातले गुनुंग पडांग हे याचे उत्तम उदाहरण. टेकडीच्या माथ्यावर माणसांनी लाव्हाखांब वापरून बांधलेले ओटे आहेत, ते खरे आहेत. २०२३ मध्ये एका शोधनिबंधात टेकडीच्या आतलाही भाग हजारो वर्षांपूर्वी बांधलेला असल्याचे म्हटले गेले. मार्च २०२४ मध्ये नियतकालिकाने तो मागे घेतला. कारण, वय काढलेले मातीचे नमुने कोणत्याही मानवनिर्मित वस्तूशी किंवा रचनेशी जोडलेले नव्हते. टेकडीत माती खोलवर आहे आणि ती जुनी आहे, एवढेच त्यातून कळते.

खंबातच्या आखाताच्या तळाशी प्राचीन शहर असल्याच्या २००१-०२ मधल्या दाव्यातही हीच अडचण होती. लाकडाचा एक तुकडा सुमारे ९,५०० वर्षांचा निघाला, पण तो समुद्रतळ खरवडून वर काढलेला होता. जोरदार प्रवाहांच्या आखातात तो कुठून वाहत आला हे कोण सांगणार? सोनारवर, म्हणजे ध्वनिलहरींनी समुद्रतळाचे चित्र काढणाऱ्या यंत्रावर, दिसलेल्या चौकटींशी त्याचा संबंध जोडायला थरवार उत्खनन लागते.

सोनार आणि उपग्रह चित्रांत तर स्पष्ट रस्ते दिसतात!

चित्र कसे तयार झाले ते पाहिल्याशिवाय बोलू नये. २००९ मध्ये गूगल अर्थवर अटलांटिकच्या तळाशी रस्त्यांची जाळी दिसली. त्या रेषा होत्या सर्वेक्षण करणाऱ्या जहाजांच्या मार्गांच्या. मार्गावर खोली बारकाईने मोजलेली आणि मधल्या भागात अंदाजे भरलेली, त्यामुळे सीमेवर रेघ उमटली. सोनार चित्रात जहाज हेलकावले की आकार ताणले जातात, आणि सावली ही उंचीइतकीच कोनावरही ठरते. बाल्टिक समुद्रातली २०११ ची ‘तबकडी’ अशाच अस्पष्ट सोनार प्रतिमेतून जन्मली. वर आणलेले दगड बहुतेक ग्रॅनाइट, नाइस आणि वालुकाश्म निघाले, हिमनद्यांनी दगड वाहून आणलेल्या प्रदेशात अपेक्षित तेच.

मंगळावरचा ‘चेहरा’ आता जुना झाला. १९७६ च्या व्हायकिंग यानाच्या चित्रात एक बिंदू सुमारे ४३ मीटरचा होता, सूर्य तिरपा होता, आणि ‘नाकपुडी’ म्हणजे प्रसारणात गहाळ झालेल्या माहितीचा काळा ठिपका. २००१ मध्ये १.५६ मीटरच्या बारकाईने पाहिल्यावर टेकाड दिसले.

पण ते बरोबर उत्तर-दक्षिण आहे. हा योगायोग?

हिशोब करून पाहू. समजा पाच अंशांची सूट दिली. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम या दोन अक्षांसाठी १८० पैकी २० अंश जमेस धरले जातात. दोन्ही अयनांच्या सूर्योदय-सूर्यास्ताचे दोन अक्ष जोडले की ४० अंश झाले, म्हणजे २२ टक्के. आता जागेवर एकमेकींशी संबंध नसलेल्या पाच रेषा निवडल्या, तर त्यांतली किमान एक ‘जुळण्याची’ शक्यता ७० टक्क्यांच्या पुढे जाते. ताऱ्यांच्या दिशा, शेजारची शिखरे असे पर्याय वाढवत गेलात की जुळल्याशिवाय राहणारच नाही. म्हणून कोणती रेष आणि कोणती दिशा तपासायची हे मोजण्याआधी वहीत लिहा.

शास्त्रज्ञ खरे दडवत तर नाहीत?

तुर्कस्तानातले गोबेक्ली तेपे साडेअकरा हजार वर्षांच्या आसपासचे आहे. शेती रुळण्याआधीच्या माणसांनी कोरीव खांब उभे केले, हे त्याआधी कोणी मानले नसते. १९९० च्या दशकात क्लाउस श्मिट यांनी उत्खनन सुरू केले आणि गारगोटीची हत्यारे, हाडे, खपल्या, जवळच अर्धवट कोरून सोडलेले खांब असे सगळे मिळाले. पुस्तके बदलली गेली. इतका धक्कादायक शोध लावणाऱ्याला नाव मिळते, तो कोणी का दडवेल?

नैसर्गिक म्हटले की त्या जागेचे महत्त्व संपते का?

नाही. सौदी अरेबियातल्या तैमाजवळची अल नस्ला शिळा मधोमध सरळ चिरलेली आहे, चीर नैसर्गिक आहे, पण शिळेवरची कोरीव चित्रे माणसांची आहेत. नैसर्गिक खडक माणसांनी वापरला, पूजला, त्यावर कोरले, असे जगभर झाले आहे. ‘खडक कसा झाला’ आणि ‘माणसांनी त्याचे काय केले’ हे दोन वेगळे तपास आहेत.

अशी जागा आम्हाला सापडली तर काय करावे?

खोदू नका, साफ करू नका, दगड हलवू नका. खापर किंवा हत्यार दिसले तरी उचलू नका. उचललेल्या वस्तूची जागा गेली की तिचा अर्थही बहुतेक जातो. आधी त्या भागाचा भूशास्त्रीय नकाशा शोधा. भारतात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे नकाशे भूकोश संकेतस्थळावर मिळतात. कोणता खडक, थरांचा उतार किती, डाइक आहेत का, हे अर्ध्या तासात कळते.

मग फोटो घ्या: लांबून एक, चारही बाजूंनी एकेक, मागून, आणि सांध्यांचे जवळून. प्रत्येकात मोजपट्टी हवी आणि कॅमेऱ्याची दिशा लिहिलेली हवी. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात घेतलेल्या फोटोंत सावल्या आकार वाढवून दाखवतात, म्हणून दुपारचेही घ्या. भिंतीपासून दूर असलेल्या साध्या खडकाचेही फोटो जोडा, ते पाठवायचे कोणाला सुचत नाही आणि तपासणाऱ्याला नेमके तेच हवे असतात. अक्षांश-रेखांशांसह हे सगळे राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्र विभागाकडे, दोन्हीकडे पाठवा. समाजमाध्यमांवर मात्र नेमके ठिकाण टाकू नका. जागा खरी पुरातन निघाली तर तज्ज्ञांच्या आधी कुदळी तिथे पोहोचलेल्या असतात.